गर्दीत एक माणूस : नागपूरच्या रस्त्यांवर फोटो काढायला शिकताना

शनिवारी संध्याकाळी सात वाजता सीताबर्डीच्या, म्हणजे आमच्या बर्डीच्या, मेन रोडवर जाऊन उभं राहा. व्हरायटी चौकाकडून लोंढा येतच असतो. पर्स, चपला, मोबाइल कव्हरच्या ठेल्यांमधून लोक तिरपे होऊन वाट काढतात, "सौ में दो, सौ में दो" चालू असतं, आणि एवढ्यात कोणीतरी अ‍ॅक्टिव्हा घुसवतोच. एकांतासाठी इथे कोणी येत नाही. मी येते.

गांधीबागेत एका होलसेल कापड दुकानात मी हिशेब बघते. दिवसभर डोळ्यांसमोर आकडे आणि कानात फोन. जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास आणि दुकान बंद झाल्यावरचा एखादा तास मी रस्त्यावर फोटो काढते, आणि दिवसातला तेवढाच वेळ माझा असतो. सुरुवातीला वाटायचं, शांत फोटो हवा तर शांत जागा हवी. म्हणून रविवारी सकाळी अंबाझरी तलाव गाठायचा. फोटो चांगले यायचे, पण ते कोणीही काढले असते असे. मग एकदा हट्टाने बर्डीत गेले आणि दोन तासांत चारशे फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर चारशे पाठी.

त्या चारशे पाठींपासून आतापर्यंत जे कळलं ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिते आहे. महागडा कॅमेरा लागत नाही. अर्ध्याहून जास्त गोष्टी साध्या फोनवर होतात.

पायरी १ : आधी जागा धरा, माणूस आपोआप येतो

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे चालत चालत फोटो काढणं. डोळ्याला काही दिसलं की कॅमेरा वर, तोवर तो माणूस गेलेला असतो. हे उलटं करा. आधी मागची भिंत शोधा, म्हणजे फोटोची पार्श्वभूमी. ती रिकामी, साधी, एका रंगाची असावी. बंद दुकानाचं शटर, वाड्याचा जुना दरवाजा, पुलाचा खांब, पायऱ्या, काहीही चालेल. समोर जागा पकडून उभं राहा आणि चौकट ठरवून घ्या : वर किती, खाली किती, माणूस आला तर कुठे यावा. आता हलू नका. लोक तुमच्या चौकटीतून जात राहतील. बहुतेक वेळा तिघं-चौघं एकदम जातात, कधी एखादी हातगाडी आडवी येते, कधी कोणी बरोबर मध्येच थांबून फोनवर बोलतो. आणि मग अचानक दोन सेकंद रस्ता मोकळा होतो आणि एकच बाई डोक्यावर गाठोडं घेऊन भिंतीपुढून जाते. गर्दी हलत असते, त्यामुळे तिला भोकं पडत असतात. तुमचं काम त्या भोकाची वाट बघायचं.

कमीत कमी वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं सगळे तुमच्याकडे बघतात. दहाव्या मिनिटाला पानठेलेवाल्याला तुम्ही कंटाळवाणे वाटायला लागता. पंधराव्या मिनिटाला तुम्ही विजेच्या खांबासारखे होता, आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

सरावासाठी झिरो माइल चांगलं. १९०७ साली उभारलेला तो दगडी खांब आणि बाजूचे चार घोडे, चारी बाजूंनी वाहतूक, आणि आत बहुधा कोणी नाही. नागपूरकर तिथून रोज जातो आणि बघत मात्र नाही. घोडा पुढे, मागे धावणाऱ्या बसेस, एवढी एक चौकट धरून अर्धा तास घालवा. एकच सांगते : बाजूच्या सीताबर्डीच्या किल्ल्याकडे कॅमेरा वळवू नका, तो लष्कराच्या ताब्यात आहे. महालात संघ मुख्यालयाच्या आसपासही बंदोबस्त असतो. तिथून जाताना कॅमेरा पिशवीत. रेल्वे स्टेशन आणि मेट्रोच्या आत काढायचे असतील तर आधी तिथल्या माणसाला विचारा. यावर वाद घालण्यात मजा नाही.

पायरी २ : ऊन वाचायला शिका

ही पायरी मी लांबवणार आहे, कारण माझ्या मते नागपुरात सगळं इथेच आहे.

गर्दीतून एक माणूस वेगळा काढायचे मुख्य मार्ग दोन. एक, त्याच्याभोवतीची माणसं निघून जाण्याची वाट बघणं. दुसरा, बाकी सगळं अंधारात ठेवणं. दुसऱ्यासाठी कडक ऊन आणि गडद सावली हवी, आणि आपल्याकडे त्या दोन्हींची टंचाई कधी नव्हती. पुण्या-मुंबईचे मित्र म्हणतात, तुमच्याकडचं ऊन फार कठोर. त्यांना म्हणावं, तेच तर आमचं भांडवल.

थोडं भूगोलाचं. नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे वर्षातून दोनदा, २६ मेच्या आणि मग १७ जुलैच्या सुमारास, दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. मेमधल्या त्या दिवशी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. जुलैतला दिवस ढगांत जातो, तो सोडून द्या. उलट डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य ४५ अंशांवरच असतो, म्हणजे माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी पडते. फोटोच्या भाषेत याचा अर्थ असा की मेमध्ये सकाळी आठनंतर सावल्या आखूड आणि कुरूप होत जातात, तर डिसेंबर-जानेवारीत दिवसभरात केव्हाही बाहेर पडलं तरी काहीतरी मिळतं. त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचनंतर मावळतो. नोकरदार माणसाला याहून सोयीचं वेळापत्रक नाही.

दुसरी गोष्ट, रस्त्याची दिशा. फोनमधलं होकायंत्र उघडा आणि तुमच्या रोजच्या रस्त्यांच्या दिशा एकदा लिहून काढा. हसू नका, मी वहीत लिहिल्या आहेत. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू साधारण पूर्व-पश्चिम जातो. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी-शेवटी सूर्य बरोबर पूर्वेला उगवून बरोबर पश्चिमेला मावळतो, तेव्हा संध्याकाळी हा आख्खा रस्ता तांब्याचा होतो आणि समोरून येणारा प्रत्येक माणूस काळी आकृती होऊन येतो, मागे लांब सावली ओढत नाही तर तुमच्याकडे पुढे टाकत. वर्धा रोड उत्तर-दक्षिण. तिथे ३.१४ किलोमीटरचा डबलडेकर पूल आहे : खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. सकाळी पूर्वेकडून आणि संध्याकाळी पश्चिमेकडून ऊन खांबांच्या मधून आडवं आत शिरतं आणि रस्त्यावर उजेड-अंधाराचे पट्टे पडतात. सायकलवाला एका पट्ट्यात दिसतो, दुसऱ्यात गडप होतो, तिसऱ्यात पुन्हा दिसतो. फुटपाथवर सुरक्षित उभं राहा आणि एकच उजेडाचा पट्टा धरून बसा.

आणि इतवारी. रेशीमओळ, लोहाओळ, मस्कासाथ आणि त्यांना जोडणारे ते बोळ. दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले आणि मध्ये दोन हातगाड्या जेमतेम जातील एवढी जागा. अशा उत्तर-दक्षिण बोळात ऊन जमिनीपर्यंत पोचतं ते दुपारी फार तर दीड-दोन तास, तेही हातभर रुंद पट्टीने. ती पट्टी एका भिंतीवरून खाली उतरते, रस्ता ओलांडते आणि समोरच्या भिंतीवर चढून जाते. तिच्यातून जाणारा हमाल, सायकलरिक्षावाला, शाळेतून येणारी मुलगी अर्ध्या सेकंदासाठी उजळते. आजूबाजूला पन्नास माणसं असतात, पण फोटोत ती नसतात, कारण ती सावलीत आहेत.

आता तांत्रिक भाग. तुमच्या फोनला अंधार आवडत नाही. काळा भाग दिसला की तो सगळंच उजळवतो, मग सावलीतले पन्नास जण परत दिसायला लागतात आणि उन्हातल्या माणसाचा चेहरा पांढरा फटक होतो. म्हणून पडद्यावर दिसणाऱ्या उन्हाच्या पट्टीवर बोट ठेवा आणि फोकस लॉक होईपर्यंत दाबून धरा. मग बोट खाली ओढून चित्र काळोखं करा, तुम्हाला बरं वाटेल त्याहूनही थोडं जास्त. एचडीआर बंद करता येत असेल तर बंद करा, सावल्या उजळवणं हेच त्याचं काम आहे. कॅमेरा असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (चित्र उजळ-काळोखं करायची सोय) उणे एक ते उणे दोन, आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः बदल न केलेली कच्ची.

हे वळण मला हाँगकाँगच्या फॅन हो या छायाचित्रकाराची चित्रं बघून कळलं. जन्म १९३१, शांघायचा. १९५० आणि ६० च्या दशकांत त्याने हाँगकाँगच्या दाट वस्तीत, बाजारात, जिन्यांवर अशी चित्रं काढली की वाटावं या शहरात माणसं दहा-बाराच राहत असतील. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या, १९५४ च्या चित्रात एक तरुणी पांढऱ्या भिंतीशी उभी आहे आणि एक तिरकी सावली तिच्या पायाशी आली आहे. ते बघून मी आठवडाभर निराश होते. नंतर कळलं की ती त्याची नात्यातली बहीण, त्याने तिला तिथे उभी केली होती आणि ती सावली त्याने डार्करूममध्ये घातली होती! तुम्ही असं करा म्हणत नाही मी. मी करत नाही. पण मोठ्यांची चित्रं बघून हात गळून पडायला लागले की हे आठवावं.

पायरी ३ : फोकसची कटकट आधीच मिटवा

पट्टीतला माणूस अर्धा सेकंद टिकतो आणि कॅमेरा तेवढ्यात फोकस शोधत बसतो. म्हणून फोकस हाताने ठरवून ठेवायचा. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या किट लेन्सवर १८ मिलिमीटर, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ आणि फोकस दोन मीटरवर ठेवला तर साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. हे सेन्सर लहान असलेल्या, म्हणजे बहुतेक स्वस्त डीएसएलआरचं गणित आहे. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमवाल्यांनी २८ मिलिमीटरला सव्वातीन मीटर धरावं. शटर १/५०० सेकंदाहून मंद नको, माणूस चालत असतो. फोनवर हा प्रश्न जवळपास येतच नाही, त्याचा सेन्सर एवढासा आहे की बहुतेक सगळं स्पष्टच येतं. हे फोनचं खरं सुख.

झूम टाळा. लांबून चोरून काढलेल्या फोटोत लांबून चोरून काढल्यासारखंच दिसतं.

पायरी ४ : मे महिन्याची दुपार

हे फक्त आपल्याकडे मिळतं. पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी एक ते चार रस्त्यांवर कर्फ्यू लागल्यासारखं होतं. सकाळी जिथे पाय ठेवायला जागा नव्हती त्या बडकस चौकात कुत्रंही सावली सोडत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर विचारूच नका. काही सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधतात, तिच्या तेवढ्याशा सावलीत सात-आठ दुचाकीवाले एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि बाकी सगळा चौक मोकळा. हा माझा आवडता विषय आहे. सगळ्यांचे चेहरे दुपट्ट्यात, फक्त डोळे, आणि वर जाळीची हिरवी नक्षी.

पण इथे शहाणपणाने वागा. नऊ वाजल्यापासून पाणी पीत राहा, निघण्याआधी पन्हं किंवा ताक, डोकं-कान पूर्ण झाकलेले, आणि सलग अर्ध्या तासाच्या वर उन्हात नाही. माझी आजी खिशात कांदा ठेवायला लावायची. मी ठेवते, कारण विचारणारी आता नाही. फोन तापला की स्वतःहून बंद पडतो, म्हणून वापरात नसेल तेव्हा तो पिशवीत, उन्हाआड ठेवा. कॅमेरा गाडीच्या डिक्कीत अजिबात ठेवू नका. मी एकदा ठेवला होता, पकडीचं रबर सुटून हातात आलं.

सावलीत बसून उन्हाकडे कॅमेरा धरायचा, हे सूत्र. पानठेल्याच्या छपराखाली तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेल्या माणसाशेजारी बसा आणि समोरच्या पांढऱ्या रस्त्याकडे बघत राहा. दहा मिनिटांत एक माणूस येतो. दहा मिनिटांत एकच येतो, हीच तर मजा.

आणि बायकांसाठी एक गोष्ट. आपल्याकडे दुपट्ट्याने तोंड बांधून फिरणं इतकं सर्रास आहे की तसं बांधून उभ्या असलेल्या मुलीकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. मी बाराही महिने बांधते. रस्त्यात थांबून राहिलेल्या एकट्या बाईला काय काय ऐकावं लागतं ते बायकांना सांगायला नको. दुपट्टा बांधला की त्यातलं निम्मं कमी होतं. उरलेल्यासाठी दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर आणि कोणत्यातरी दुकानाला पाठ लावून उभं राहणं बरं.

पायरी ५ : पहाट

कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात पहाटे पाचला जा. गर्दी असते, पण अंधारात असते, आणि उजेड फक्त दिव्यांखाली. कोथिंबिरीच्या ढिगामागे बसलेली एक बाई, तिच्यावर एक बल्ब, बाकी काळं. उन्हाच्या पट्टीचंच तंत्र इथे दिव्यावर चालवा. लोक कामात असतात, हमालांच्या वाटेत उभं राहू नका, पोतं घेऊन येणाऱ्याला ब्रेक नसतो. सहा-साडेसहाला निघा आणि कस्तुरचंद पार्कच्या बाजूला तर्री पोहे खा. हा मार्गदर्शनाचा भाग नाही, पण माझ्या मते सक्तीचा आहे.

पायरी ६ : गर्दीलाच वाहू द्या

आतापर्यंत गर्दी टाळली. आता ती हवी आहे. शटर मंद ठेवलं, १/१५ ते १/४ सेकंद, तर चालणारे सगळे धूर होतात आणि जो थांबला आहे तो तेवढा स्पष्ट राहतो. म्हणजे आधी थांबलेला माणूस शोधायचा : मोरभवनला बसची वाट बघणारी आजी, मेट्रोच्या जिन्याशी कोणाची तरी वाट बघणारा मुलगा, ठेल्यामागे उभा राहून राहून थकलेला विक्रेता. दिवसा उजेड जास्त असल्याने हे होत नाही, संध्याकाळी दिवे लागल्यावर करा. कॅमेरा खांबाला किंवा कठड्याला टेकवा आणि श्वास सोडता सोडता बटण दाबा. एकाच चौकटीचे पंधरा-वीस काढा, त्यात एखादा जमतो. आयफोनवाल्यांनी लाइव्ह फोटो चालू ठेवून काढावा आणि नंतर त्यातच लाँग एक्सपोजर निवडावं. बाकीच्यांनी प्रो मोडमध्ये शटर बदलावं.

लोहापुलाखाली याच्या उलट करून बघा. वर रेल्वे, खाली अंधार आणि पलीकडच्या तोंडाशी झगझगीत उजेड. फोकस आणि एक्सपोजर त्या उजेडावर. आत शिरणारा प्रत्येक जण काळी आकृती होतो. पावसाळ्यात पाणी साचतं तेव्हा प्रतिबिंब मिळतं, पण बूट जातात.

पायरी ७ : माणसांशी कसं वागायचं

तुम्ही भिंतीसमोर दहा मिनिटं उभे राहिलात की कोणीतरी येतंच.

"कायचे फोटो काढून राहिल्या मॅडम?"

"ऊन पडलं नं भिंतीवर, त्याचा."

"भिंतीचा?"

"हो, भिंतीचा."

मग तो शेजारच्याला सांगतो, "भिंतीचा फोटो काढून राहिली म्हणते," दोघं थोडा वेळ भिंतीकडे बघतात आणि जातात. खरं सांगितलं की संशय जातो. फोन दाखवा, काढलेला फोटो दाखवा. कोणी "माझा नका काढू" म्हणालं तर पुसून टाका, त्याच्यासमोर, आणि हसून. कोणी "माझाही काढा जी" म्हणालं तर काढा, त्यांच्या फोनवर पाठवा, आणि मग आपल्या भिंतीकडे परत या. लहान मुलांचे ओळखू येणारे चेहरे मी आई-वडिलांना विचारल्याशिवाय कुठे टाकत नाही. पाठमोरी आकृती, सावली, दुपट्ट्यातला चेहरा यांनी निम्मे प्रश्न तसेही सुटतात.

एक चूक सांगते. शहरातल्या एका दवाखान्याबाहेर पायरीवर एक आजोबा डोकं हातात धरून बसले होते. मागे निळी भिंत, वरून तिरकं ऊन, आजूबाजूला कोणी नाही. मला वाटलं, हाच तो फोटो. तीन काढले. चौथ्या वेळी एक मुलगा कागद घेऊन बाहेर आला, त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते रडायला लागले. मुलाने माझ्याकडे पाहिलं. बोलला काही नाही. मी तिन्ही पुसले. एकांत आणि एकटं पडणं यांत फरक आहे आणि कॅमेऱ्यातून दोन्ही सारखंच दिसतं. तेव्हापासून दवाखाने, कोर्टाच्या पायऱ्या आणि फुटपाथवर झोपलेली माणसं माझ्या यादीतून गेली. फुटपाथवर झोपलेल्याने एकांत निवडलेला नसतो.

दीक्षाभूमीबद्दलही विचारतात. १४ ऑक्टोबर १९५६ चा तो सोहळा आणि दरवर्षी अशोक विजयादशमीला येणारे लाखो लोक. तिथे पुस्तकांच्या स्टॉलवर, उभ्या उभ्याच वाचनात बुडालेली माणसं दिसतात. एवढ्या गर्दीतला एवढा खोल एकांत मी दुसरीकडे पाहिला नाही. पण लोक तिथे श्रद्धेने, शेकडो मैलांवरून आलेले असतात. आधी बोला, विचारा, मग काढा. पहिल्याच वर्षी कॅमेरा नेऊ नका, असं माझं मत.

पायरी ८ : एकदा मारबतीत जाऊन बघा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी आणि काळी मारबत, म्हणजे इडापीडा घालवण्यासाठीच्या दोन मोठ्या बाहुल्या, मिरवणुकीने निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" चा घोष आणि सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. महाल-इतवारीच्या अरुंद रस्त्यांवर त्या दिवशी हात वर करायला जागा नसते. सगळे फोटोवाले मारबतीचा चेहरा काढतात. तुम्ही तिच्याकडे पाठ करा आणि वर बघा. सज्जात, गच्चीत, जुन्या खिडकीच्या गजांमागे एकेक माणूस एकटा उभा राहून बघत असतो. गर्दीची सगळी शांतता त्या दिवशी पहिल्या मजल्यावर राहायला गेलेली असते.

पाकीट पुढच्या खिशात, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला, आणि बाहेर पडायची गल्ली आधी ठरवलेली असू द्या.

पायरी ९ : निवड

काढलेले फोटो त्याच रात्री बघू नका. त्या रात्री तुम्हाला फोटो दिसत नाही, तिथला आवाज, घाम आणि घेतलेली मेहनत दिसते. आठवडा जाऊ द्या. मग शंभरातून एक ठेवा, निदान पाच ठेवायचा मोह आवरा. महिन्याकाठी दहा-बारा चार बाय सहाच्या प्रिंट काढून पलंगावर पसरा. मला अशा पसाऱ्यातच कळलं की माझ्या निम्म्या फोटोंत माणूस डावीकडून उजवीकडे चालतोय, आणि मग मी मुद्दाम रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहायला लागले.

सगळंच ब्लॅक अँड व्हाइट करू नका. कमजोर फोटोला गंभीर दाखवायची ती सोपी युक्ती आहे. नागपूरला रंग आहेत : स्टेशनजवळच्या संत्र्यांचे ढीग, मेच्या भिंतींचा उडालेला पिवळा, जाळीचा हिरवा. रंगानेही माणूस वेगळा काढता येतो. करड्या शटरसमोर एक लाल साडी पुरे.

पायरी १० : त्याच जागी परत जा

नव्या जागांची हाव सुटते. आवरा. तीन जागा ठरवा आणि वर्षभर त्याच करा. माझी एक जागा आमच्या दुकानामागच्या बोळात आहे. तिथे कोपऱ्यावर कुलपं-किल्ल्यांचं काम करणारे एक काका बसतात. पहिल्या महिन्यात त्यांनी मला महापालिकेची समजून शिव्या घालायच्या बाकी ठेवल्या होत्या. आता त्यांच्या पेटीशेजारचं स्टूल माझं आहे.

मागच्या शिवरात्रीच्या आसपास मी बारा वाजता पोचले तर ऊन अजून भिंतीवरच होतं. दिवाळीत तर याच वेळी ते रस्त्याच्या मध्यावर असायचं. मला वाटलं, आपलंच काही चुकतंय. काका म्हणाले, "दिवाळीले लवकर येते, शिवरात्रीले अर्धा तास उशिरा. दरसालचं आहे ते." घरी जाऊन हिशेब केला. नागपूरला सूर्य नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११ वाजून ५७ मिनिटांच्या सुमारास माध्यान्हीला येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास. एकतीस मिनिटांचा फरक. काकांकडे घड्याळ नाही.

काल गेले तर ढग होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "आज नाही येत बेटा. जेवण करून घे."